'कंपनी आपली समजा' म्हणणाऱ्या साहेबांसाठी

खंडेनवमीला मशीनला झेंडूचा हार पडतो, नारळ फुटतो, मिठाईचे पुडे वाटले जातात आणि मग मालक किंवा प्लांट हेड माईक हातात घेतात. "ही कंपनी तुमचीच आहे, आपली समजून काम करा." भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज, कुठेही जा, भाषण तेच. टाळ्याही पडतात. आणि त्याच आठवड्यात ज्यांची कंपनी आहे त्यांच्यापैकी कुणाचा तरी गेटवर पाच मिनिटं उशीर झाला म्हणून अर्धा दिवस कापला जातो.

मी क्वालिटीत काम करतो, बऱ्याच शॉप फ्लोअरची धूळ खाल्ली आहे. "पोरं ओनरशिप घेत नाहीत हो" ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की आता स्पष्टच सांगतो: पोरं घेत नाहीत असं नाही, त्यांना कुणी घेऊ देत नाही.

सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, बोअर (पार्टमधलं मापाचं भोक) मारणारा ऑपरेटर घ्या. इन्सर्टची, म्हणजे धातू कापणाऱ्या छोट्या बदलत्या पात्याची, धार गेली की कटिंगचा आवाज बदलतो, चिप (कापलेल्या धातूचा कीस) वेगळी पडते, बोअर बारीक व्हायला लागतो आणि भोकाचं माप तपासायचा गो गेज आत जाताना अडकतो. हे सगळ्यात आधी त्याला कळतं, आम्हाला नंतर. पण नवीन इन्सर्ट टूल क्रिबमध्ये, म्हणजे हत्यारांच्या स्टोअरमध्ये, कुलपात. जुना जमा करायचा, स्लिपवर सुपरवायझरची सही आणायची. सुपरवायझर मीटिंगमध्ये. समोर बोर्डावर तासाचं टार्गेट लिहिलेलं. मशीन थांबवली तर संध्याकाळी "प्रॉडक्शन का पडलं?" आणि चालू ठेवली तर दुसऱ्या दिवशी "रिजेक्शन का आलं?" दोन्हीकडून बोलणी त्यालाच. मग तो शहाण्या माणसासारखं वागतो. काम चालू ठेवतो आणि विचारलं तर म्हणतो, "सर, मी सांगितलं होतं." यात त्याची वृत्ती वाईट कुठे आहे? आपण घालून दिलेल्या पद्धतीला दिलेलं ते अगदी बरोबर उत्तर आहे.

या विषयावर मला अजूनही सगळ्यात पटणारी गोष्ट कॅलिफोर्नियातल्या फ्रेमॉंटची आहे. जनरल मोटर्सचा तिथला कारखाना १९८२ साली बंद पडला. कामगार म्हणजे डोक्याला ताप, अशी त्याची ख्याती. गैरहजेरी इतकी की काही दिवस लाईन सुरू करायला माणसं पुरायची नाहीत. दोन वर्षांनी, १९८४ मध्ये, टोयोटाबरोबर भागीदारीत तोच कारखाना 'न्यूमी' नावाने पुन्हा सुरू झाला. युनियन तीच, कामगारही बहुतांश तेच. त्यांतल्या काहींना प्रशिक्षणासाठी जपानला नेलं आणि लाईनवरच्या प्रत्येकाला एक दोर दिला. काही चुकतंय असं वाटलं की ओढायचा. टीम लीडर धावत येणार, मदत करणार, आणि तेवढ्या वेळात प्रश्न सुटला नाही तर लाईन थांबणार. थोड्याच काळात तिथल्या गाड्यांची गुणवत्ता जनरल मोटर्सच्या उत्तम कारखान्यांच्या रांगेत जाऊन बसली. माणसं बदलली नव्हती, हे पुन्हा वाचा.

आता आपल्याकडे बघा. अँडॉनचे, म्हणजे अडचण आली की पेटवायचे, दिवे आपणही लावलेत, ऑडिटरला अभिमानाने दाखवतो. पण लाल दिवा पेटला की पहिला प्रश्न असतो, "कुणी लावला?" बस. त्या दिवसानंतर तो दिवा फक्त ऑडिटला पेटतो.

एका ठिकाणी आम्ही हट्टाने इन्सर्टचा ट्रे थेट मशीनपाशी ठेवला. ऑपरेटरने स्वतः बदलायचा, वहीत वेळ आणि कारण लिहायचं, सही कुणाची नको. स्टोअरवाले म्हणाले, चोरी होईल. (भीती अगदीच खोटी नव्हती, इन्सर्ट ज्याचे बनतात त्या कार्बाइडच्या भंगाराला बाहेर बरा भाव मिळतो.) पहिल्या महिन्यात इन्सर्टचा खर्च वाढलाच आणि अकाउंट्सचे साहेब कागद घेऊन आले. एका पोराने चांगल्या धारेचा इन्सर्ट काढून टाकलेला सापडला. प्लांट हेड त्याच्या मशीनपाशी गेले आणि आवाज न चढवता एवढंच विचारलं, "काय बघून बदललास?" त्याने मशीनखालच्या ट्रेमधली चिप उचलून दाखवली. त्याचा अंदाज चुकला होता, पण तो चिप बघत होता! पुढची दहा मिनिटं दोघं चिपवरच बोलत होते. हे अख्ख्या शिफ्टने पाहिलं. हळूहळू वहीत "आवाज बदलला", "फिनिश खराब" अशी कारणं दिसू लागली, आणि त्या मशीनचं रिजेक्शन खाली आलं. त्या जागी साहेबांनी चारचौघांत झापलं असतं तर ट्रे आठवड्याभरात परत कुलपात गेला असता.

कामचुकार नसतात असं माझं म्हणणं नाही. असतात, आणि ते कोण हे शेजारच्या मशीनवाल्याला एचआरपेक्षा चांगलं ठाऊक असतं.

पण एक गोष्ट मीटिंगमध्ये कुणी काढत नाही. लाईनवरची निम्मीअधिक पोरं कंत्राटी असतात. काही महिन्यांनी ब्रेक, मग दुसरी कंपनी. ज्याला दिवाळीपर्यंत आपण इथे असू की नाही ते माहीत नाही, त्याने कंपनी आपली समजायची ती कशाच्या जोरावर? लिज्जतच्या बायकांना हे भाषण कुणी द्यावं लागलं नाही. १९५९ मध्ये गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेल्या त्या कामात आज चाळीस हजारांहून जास्त बहिणी आहेत, आणि प्रत्येक जण भागीदार आहे. नफ्यात वाटा, तोट्यातही वाटा. म्हणून तिथे पापड तपासून घेणारीही मालकीण आणि लाटणारीही मालकीण. प्रत्येक कारखान्याला हे जमणार नाही, मान्य. मग निदान भाषणात तरी मालकी वाटू नका, अधिकार वाटा. तेवढं तर हातात आहे ना?

हॉटेलात प्रोजेक्टर लावून ओनरशिपचं ट्रेनिंग ठेवण्याआधी एक काम करून बघा. प्रत्येक ऑपरेटरला विचारा, दिवसभरात कुठल्या कुठल्या गोष्टीसाठी तुला दुसऱ्याची सही लागते? आम्ही विचारलं होतं. यादीत हातमोजे निघाले. फाटलेले हातमोजे बदलून घ्यायला दोन सह्या लागत होत्या, आणि त्यातली एक प्लांट हेडची.