पर्यावरणशास्त्राची पीएचडी आणि तीन पावसाळे

महाराष्ट्रात पीएचडीवर वाद पेटला की तो दोनच मुद्द्यांवर येऊन अडतो: फेलोशिप किती जणांना द्यायची आणि प्रबंधाआधी शोधनिबंध छापून आणण्याची सक्ती हवी की नको. डिसेंबर 2023मध्ये विधान परिषदेत 'सारथी' या मराठा-कुणबी समाजासाठीच्या सरकारी संस्थेच्या फेलोशिपची संख्या वाढवण्याची मागणी झाली, तेव्हा पीएचडी करून ही मुलं काय दिवे लावणार, अशा अर्थाचा सवाल तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवारांनी केला होता. गदारोळ झाला, खुलासे झाले. मी स्वीडनमध्ये पर्यावरणशास्त्रात काम करते. इथे बसून ते सगळं वाचताना वाटत होतं, या पदवीला प्रत्यक्षात काय लागतं हे कुणीतरी बोलेल. कुणी बोललं नाही.

यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, पीएचडीसाठीचे 2022चे नियम तसे वाईट नाहीत. पदव्युत्तर पदवीला 55 टक्के, नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा किंवा विद्यापीठाची प्रवेश परीक्षा, किमान 12 श्रेयांकांचा (क्रेडिट्सचा) कोर्सवर्क, दर सत्राला सल्लागार समितीसमोर प्रगती, बाहेरचे दोन परीक्षक आणि खुली मौखिक परीक्षा. मुदत किमान तीन वर्षं, कमाल सहा. आधीची शोधनिबंधाची सक्ती यात गेली. गेली ते बरंच झालं. तिने संशोधन सुधारलं नाही, पैसे मोजले की काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचा धंदा मात्र चालवला.

अडचण अशी की हे नियम सगळ्या विषयांना एकाच मापाने लागू होतात. नदीतल्या नायट्रेटवर काम करायचं तर पावसाळ्याआधी, पावसाळ्यात आणि नंतर नमुने घ्यावे लागतात. एकाच वर्षाचे आकडे घेतले तर नदीपेक्षा त्या वर्षीच्या पावसाबद्दलच जास्त कळतं. किमान मुदतीच्या तीन वर्षांत पावसाळे येतात तीन. पहिला कोर्सवर्क आणि विषय मंजूर करून घेण्यात जातो. दुसरा वनखात्याच्या परवानगीची किंवा बंद पडलेलं उपकरण दुरुस्त होण्याची वाट बघण्यात. उरलेल्या एकावर प्रबंध उभा राहतो, आणि गाइड सांगतात, "स्टॅटिस्टिक्स नीट मांड, निभावून जाईल."

पैशांचंही तेच. जेआरएफ, म्हणजे नेटमधून मिळणारी ज्युनियर रिसर्च फेलोशिप, 2023पासून महिना 37,000 रुपये झाली, त्याची बातमी झाली. पण विज्ञान शाखेत पहिल्या दोन वर्षांत संशोधनाच्या आकस्मिक खर्चासाठी मिळणारी रक्कम वर्षाला 12,000 रुपये आहे, हे कुणाला ठाऊक आहे? त्यातच भागवायचं गाडीभाडं, रसायनं आणि बाहेरच्या प्रयोगशाळेतून जड धातूंची तपासणी. विद्यार्थी नमुने कमी करतो, दुसरं काय करणार?

स्वीडनमध्ये पीएचडी ही बहुतेकदा पगारी नोकरी असते. चार वर्षांचं पूर्णवेळ काम. विभागाचं शिकवण्याचं काम 20 टक्क्यांपर्यंत देता येतं आणि तेवढी मुदत वाढते. प्रत्येकाचा वैयक्तिक आराखडा दरवर्षी तपासला जातो. मार्गदर्शक बदलून मागितला तर तो द्यावाच लागतो, तसा नियमच आहे. बचावाच्या, म्हणजे प्रबंधावरच्या जाहीर परीक्षेच्या, तीनेक आठवडे आधी प्रबंध जाहीर करावा लागतो. काही विद्यापीठांत तो आजही खरोखर भिंतीवर खिळ्याने ठोकतात, आणि या प्रकाराचं मला अजून हसू येतं. बचावाच्या दिवशी बाहेरून बोलावलेला विरोधक सगळ्यांसमोर तासभर तरी उलटतपासणी घेतो, आणि निकाल देणाऱ्या समितीत मार्गदर्शकाला जागा नसते. त्याहून मोलाचं म्हणजे तळी आणि नद्यांची कित्येक वर्षांची निरीक्षणं उप्साला इथल्या कृषी विद्यापीठाकडे जमा असून सर्वांना खुली आहेत. विद्यार्थी पहिल्याच दिवशी दशकांच्या नोंदी घेऊन बसतो.

म्हणून इथलंच सगळं उचलून न्यावं असं मात्र मी म्हणणार नाही. इथे विषय बहुधा प्रकल्पाबरोबर येतो. जाहिरातीत छापलेला प्रश्नच तुम्ही सोडवता. जागा थोड्या. युरोपबाहेरच्यांना चार वर्षांनंतर कायम राहण्याची जी सोपी वाट होती, ती 2021मध्ये कायदा बदलून बंद झाली, तीही आधीच आलेल्यांना पुरेशी सवलत न देता. आपल्याकडे एखादी मुलगी आपल्याच तालुक्यातल्या ओढ्याचा प्रश्न घेऊन गाइडकडे जाऊ शकते. हे स्वातंत्र्य इथे दुर्मिळ आहे, आणि नियम बदलताना ते हरवता कामा नये.

तेव्हा अटी विद्यार्थ्यावर घालायच्या तशा संस्थेवरही घाला. नोंदणीच्या वेळी विभागाने नमुन्यांसाठीची तरतूद लेखी दाखवावी. परवानगी हातात पडेपर्यंतचा काळ मुदतीत धरू नये. आणि प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या खुल्या ऑनलाइन संग्रहात, जातो, तसे त्यामागचे मूळ आकडेही गेले पाहिजेत. आज ते विद्यार्थ्याच्या लॅपटॉपमध्येच राहतात आणि त्याच नदीवर येणारा पुढचा विद्यार्थी पुन्हा शून्यापासून सुरू करतो. गाइड कुरकुरतील, आधी पेपर निघू दे म्हणतील. हरकत नाही, दोन वर्षं आकडे बंद ठेवण्याची सवलत द्या. पण ते जमा केल्याशिवाय मौखिक परीक्षेची तारीख देऊ नका.