सोमवारचे ऑपरेशन आम्ही पुढे ढकलले त्याबद्दल

मागच्या वर्षी फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी संध्याकाळी, नागपुरातल्या एका खासगी रुग्णालयात, सर्जननी माझ्या आईची फाईल मिटली आणि सांगितले, "सोमवारी करून घेऊ. रविवारी दुपारपर्यंत ॲडमिट व्हा." कोलोनोस्कोपीत गुदद्वारापासून सात सेंटिमीटरवर गाठ दिसली होती, बायोप्सीत कर्करोग निघाला होता आणि सिटी स्कॅनमध्ये यकृत व फुप्फुसे स्वच्छ होती. शौचाची पिशवी पोटावर कायमची लावावी लागू शकते, हे त्यांनी दाराशी निरोप देताना सांगितले, आणि आम्ही ते ऐकून मान डोलावली. भीतीमुळे माणूस किती आज्ञाधारक होतो, हे त्या संध्याकाळी मला कळले.

आई निवृत्त शिक्षिका आहे, वय 67. त्याआधी आठ महिने तिला शौचातून रक्त जात होते आणि घरातले सगळे त्याला मूळव्याध म्हणत होते. चौकातल्या औषधाच्या दुकानातून मलम आणि चूर्ण येत होते. तिने तिखट सोडले, सावजीच्या भाजीचे तर नावही काढले नाही. या आठ महिन्यांचा हिशेब आमच्या घराचाच आहे आणि तो मी कोणत्याही डॉक्टरवर लोटणार नाही. परंतु आठ महिने दवडल्यानंतर आता चार दिवससुद्धा दवडायचे नाहीत, अशी जी घाई आमच्या अंगात शिरली, तिच्यामुळेच आम्ही दुसरी चूक करणार होतो.

शुक्रवारी माझ्या मावसबहिणीच्या मुलीचा फोन आला. ती रेडिओलॉजी शिकते. तिने एवढेच विचारले, "मावशी, आजीच्या एमआरआयमध्ये काय आलं?" एमआरआय झालाच नव्हता. ती क्षणभर गप्प झाली आणि मग म्हणाली, "मग सोमवारचं थांबवा. आधी एमआरआय करा आणि दुसरीकडे दाखवा." आमच्या नात्यात असा फोन करणारी मुलगी होती हे आमचे नशीब, आणि ज्यांच्याकडे ती नाही त्यांच्यासाठी ही पोस्ट लिहिते आहे.

मोठ्या आतड्याचा कर्करोग असे आपण सरसकट म्हणतो, पण वरच्या आतड्यातली गाठ आणि गुदाशयातली गाठ यांच्या उपचारांत फरक असतो. वरची गाठ पसरलेली नसेल, तर बहुतेक वेळा थेट शस्त्रक्रिया हाच पहिला उपचार असतो. गुदाशय, म्हणजे गुदद्वारापासून वर साधारण 15 सेंटिमीटरपर्यंतचा भाग, ओटीपोटाच्या हाडांच्या अरुंद खोबणीत मूत्राशय आणि गर्भाशय यांना खेटून असतो, त्यामुळे तिथे सर्जनला गाठीभोवती ऐसपैस कापायला जागाच नसते. गाठ भिंतीबाहेर किती गेली आहे, आजूबाजूच्या लसिकाग्रंथी सुजल्या आहेत का आणि गुदाशयाला वेढणाऱ्या चरबीच्या बाहेरच्या पडद्यापासून ती किती दूर आहे, हे एमआरआयवर जितके नीट दिसते तितके सिटी स्कॅनवर दिसत नाही. आणि आधी चाकू की आधी रेडिएशन, हे त्याच तपशिलावर ठरते. जर्मनीतल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष 2004 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात अशा पुढे गेलेल्या गाठींना रेडिएशन व केमो शस्त्रक्रियेनंतर देण्याऐवजी आधी दिल्यास, पाच वर्षांत त्याच जागी आजार उलटण्याचे प्रमाण 13 टक्क्यांवरून 6 टक्क्यांवर येते, असे दिसले होते. म्हणजे ही काही कालपरवाची गोष्ट नव्हे.

"डॉक्टरांना काय वाटेल?" हा घरातला पहिला प्रश्न होता आणि तो काकांनी विचारला. मजा अशी की त्याच दोन दिवसांत आम्हांला किमान वीस मते न मागता मिळाली होती. कोणी गव्हांकुराचा रस सुचवला, कोणी छत्तीसगडातल्या वैद्याचा पत्ता दिला, एका शेजाऱ्यांनी तर "चाकू लागला की कॅन्सर पसरतो" असे आईच्या समोरच सांगितले. ही वीस मते ऐकताना कोणाचा अपमान होत नव्हता, फक्त एकविसावे, म्हणजे त्या विषयातल्या दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायचे म्हटल्यावर शिष्टाचार आठवला. शहराच्या बेसा भागात फ्लॅट घेताना याच काकांनी बिल्डरला घाम फुटेपर्यंत प्रश्न विचारले होते, आणि सर्जनना "अशी ऑपरेशन्स तुम्ही वर्षाला किती करता?" एवढे विचारायला मात्र आमच्यापैकी एकाचीही जीभ उचलत नव्हती. मी शेवटी तो प्रश्न विचारला. त्यांनी शांतपणे उत्तर दिले. आकडा मोठा नव्हता, पण त्यांनी तो लपवला नाही, याबद्दल मला आजही त्यांचा आदर वाटतो.

इथे एक इशारा आवश्यक आहे. पोट फुगले आहे, वारा सरत नाही, उलट्या होत आहेत, म्हणजे आतडे बंद पडले आहे, किंवा आतडे फुटले आहे, किंवा रक्तस्राव थांबत नाही, अशा वेळी मते गोळा करत फिरायचे नसते, समोरच्या डॉक्टरांचे ऐकायचे असते. आईच्या बाबतीत असे काहीच नव्हते. अशी गाठ वर्षानुवर्षे वाढलेली असते आणि नीट तपासणीसाठी गेलेल्या दहा-बारा दिवसांनी तिच्यात सहसा फरक पडत नाही. "थांबलो तर धोका किती, हे आमच्या आईच्या बाबतीत सांगा," असे थेट विचारावे.

खरा त्रास झाला तो कागदांचा. काउंटरवरच्या माणसाने आधी सांगितले की बायोप्सीच्या काचा आणि मेणाचे ठोकळे (गाठीचे काढलेले तुकडे यांतच जपलेले असतात) बाहेर देता येत नाहीत, मग सांगितले की साहेब सुटीवर आहेत, मग अर्ज लिहून आणायला लावला. त्यात चार दिवस गेले. तोपर्यंत मी वाचून ठेवले होते की भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांप्रमाणे मागणी केल्यापासून 72 तासांत वैद्यकीय कागदपत्रे द्यावी लागतात, आणि राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने 2018 मध्ये तयार केलेल्या रुग्ण हक्कांच्या सनदेत दुसरे मत घेण्याचा हक्क स्वतंत्रपणे नोंदवला आहे. मी या दोन्ही गोष्टी अर्जात लिहिल्या. पण काम झाले ते त्याने नव्हे. आमची अडचण सर्जनच्या कानावर गेली, त्यांनी स्वतः खाली फोन केला, आणि वर आईच्या आजाराचा एक पानी सारांश स्वतःच्या हाताने लिहून दिला. डॉक्टरांना काय वाटेल म्हणून आम्ही तीन रात्री जागलो होतो आणि त्यांना काहीच वाटले नव्हते.

दुसरे मत घ्यायला जाणाऱ्यांनी नुसते रिपोर्टचे कागद नेऊ नयेत. एमआरआय आणि सिटी स्कॅनची सीडी न्यावी, कारण दुसऱ्या डॉक्टरांनी पहिल्याचे वाक्य वाचायचे नसते, चित्र पाहायचे असते. काचा नि ठोकळे न्यावेत, म्हणजे बायोप्सी पुन्हा तपासता येते. आणि शक्य असेल तर एका सर्जनकडून दुसऱ्या सर्जनकडे जाण्यापेक्षा जिथे सर्जन, रेडिएशनचे डॉक्टर आणि केमोचे डॉक्टर एकत्र बसून केस पाहतात, तिथे जावे. त्याला ट्यूमर बोर्ड म्हणतात. मध्य प्रदेश आणि छत्तीसगडचे रुग्ण उपचारांसाठी नागपूर गाठतात, आणि आपण मात्र इथे राहून "टाटालाच न्यायला हवं" म्हणत विदर्भ एक्स्प्रेसचे आरक्षण शोधतो. मेडिकल म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, मिहानमधले एम्स, तुकडोजी चौकाजवळचे प्रादेशिक कर्करोग रुग्णालय, जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था, एवढी दारे याच शहरात आहेत. टाटाचे मत हवेच असेल, तर कागदपत्रे पाठवून ऑनलाइन मत घेण्याची 'नव्या' नावाची सोय आहे. मत मुंबईचे आणि उपचार घराजवळ, हा मार्ग मला जास्त शहाणपणाचा वाटतो, कारण रेडिएशन म्हणजे एक दिवसाचे काम नव्हे. परळच्या फुटपाथवर किंवा महागड्या लॉजमध्ये दीड महिना काढण्याची आपल्यातल्या किती जणांची ऐपत आहे?

आमचा एमआरआय आला, तेव्हा गाठ भिंतीबाहेरच्या चरबीत शिरली होती आणि त्या पडद्यापासून जेमतेम एक मिलिमीटर दूर होती. बोर्डाने सांगितले की ऑपरेशन करायचेच आहे, पण आधी शेक, म्हणजे रेडिएशन. सोमवार ते शुक्रवार असे 28 शेक, सोबत केमोच्या गोळ्या, नंतर काही आठवडे थांबून पुन्हा एमआरआय, आणि मग शस्त्रक्रिया. मी हे घेऊन पहिल्या सर्जनकडे गेले. त्यांनी एमआरआय प्रकाशासमोर धरला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "बरोबर आहे. आधी शेकच."

या सगळ्यात सर्वांत उशिरा विचारले गेले ते आईला. माझा भाऊ पुण्याहून व्हिडिओ कॉलवर, काका सोफ्यावर, मी फाईल घेऊन, आणि आई स्वयंपाकघरात. बोर्डातल्या डॉक्टर बाईंनी आम्हांला बाहेर बसवून तिच्याशी एकटीशी बोलणे केले, तेव्हा तिने विचारलेला प्रश्न आमच्यापैकी कोणाच्याही यादीत नव्हता. "पिशवी लागली तर मले महालक्ष्म्या बसवता येतील का?" चाळीस वर्षे तिने सोवळ्यात ज्येष्ठा-कनिष्ठा बसवल्या आहेत. कायमची पिशवी आणि काही महिन्यांची पिशवी यांतला फरक आम्हांला वैद्यकीय वाटत होता, तिच्यासाठी तो देवघराच्या उंबरठ्याचा होता. डॉक्टर बाईंनी तिला पिशवी कशी लावतात, किती घट्ट बसते, वास येतो का, हे प्रत्यक्ष दाखवले आणि म्हणाल्या, "आंघोळ करता येते, तर पूजा का नाही?" दुसरे मत घेतल्याचा एवढाच फायदा झाला असता, तरी माझे समाधान झाले असते.

दरम्यान व्हॉट्सॲपवर "इंजेक्शनने गुदाशयाचा कर्करोग गायब" असा संदेश फिरून फिरून येत होता. ती अफवा नव्हती. न्यूयॉर्कमध्ये 2022 साली 12 रुग्णांच्या गाठी डोस्टार्लिमॅब या औषधाने खरोखरच दिसेनाशा झाल्या होत्या, परंतु त्या सर्वांच्या गाठींमध्ये एक विशिष्ट जनुकीय दोष होता आणि तो थोड्याच रुग्णांत आढळतो. बायोप्सीच्या त्याच ठोकळ्यांवर त्याची तपासणी होते. आम्ही ती करून घेतली. आईच्या गाठीत तो दोष नव्हता, आणि विषय तिथे संपला. अशी आशा तपासून सोडून देणे मला बरे वाटते.

आणि दुसरे मत म्हणजे दुसरेच, पाचवे नव्हे. आमच्या ओळखीतले एक गृहस्थ मनासारखे उत्तर मिळेपर्यंत फिरत राहिले, आणि उत्तर मिळाले तोवर गाठ यकृतात गेली होती. दोन मते जुळली नाहीत तर तिसरे घ्यावे, आणि मग मात्र ठरवावे.

आईचे शेक मार्च-एप्रिलच्या उन्हात झाले. कातडी सोलवटली, जुलाब झाले, ऑटोतून उतरताना ती माझ्या खांद्यावर सगळा भार टाकायची. नंतरच्या एमआरआयमध्ये गाठ बरीच आकसली होती, पण उरली होती, म्हणून जुलैत शस्त्रक्रिया झाली आणि आतडे जोडता आले. सोमवारीच ऑपरेशन झाले असते तर काय झाले असते, हे कोणीही सांगू शकत नाही, आणि रेडिएशनमुळेच आतडे जोडता आले असा दावा मी करणार नाही. तात्पुरती पिशवी संक्रांतीनंतर बंद झाली. अजूनही तिला दिवसातून पाच-सहा वेळा जावे लागते आणि लग्नाला गेली की ती आधी संडास कुठे आहे ते पाहून येते. महालक्ष्म्या मात्र भाद्रपदात तिनेच बसवल्या, पिशवीसकट.

गेल्या आठवड्यात तिच्या शाळेतल्या एका जुन्या सहकारी बाईंचा फोन आला होता, त्यांच्या यजमानांना हाच आजार निघाला आहे. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. आईने धीर वगैरे काही दिला नाही. चष्मा लावला, वही ओढली आणि विचारले, "गाठ वरची आहे की खालची? आणि एमआरआय झाला का?"