रक्त थांबले म्हणजे आतडे बरे झाले, असे नाही

अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला दीर्घकाळ दाह होऊन शौचातून रक्त पडण्याचा आजार. त्याच्या रुग्णांमध्ये एक संदेश फिरतो आहे. हा आजार म्हणजे पोटातली उष्णता, तिचा कर्करोगाशी संबंध नाही. रक्त पडणे थांबले की गोळ्या बंद कराव्यात. आणि दर काही वर्षांनी दुर्बिणीने तपासणी करणे म्हणजे पैसे उकळणे, असे त्यात म्हटले आहे. तिन्ही विधाने चुकीची आहेत, आणि दुसरे सर्वांत घातक आहे.

कोलायटिसच्या रुग्णाला झालेल्या आतड्याच्या कर्करोगाची नोंद क्रोन आणि रोझेनबर्ग या डॉक्टरांनी १९२५ मध्येच केली होती. दाहामुळे अस्तराच्या पेशी मरतात, त्यांची जागा भरून काढण्यासाठी उरलेल्या पेशी पुन्हा पुन्हा विभागतात, आणि त्याच वेळी तिथे जमलेल्या पांढऱ्या पेशींतून सुटणारी ऑक्सिजनची तीव्र संयुगे त्यांच्या डीएनएला इजा करत राहतात. ही झीज-भर वर्षानुवर्षे चालली की कर्करोगाला अटकाव करणारे पी-५३ हे जनुक काही पेशींत लवकरच निकामी होते. २००१ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला कर्करोगाचा धोका आजार सुरू झाल्यापासून १० वर्षांनी २, २० वर्षांनी ८ आणि ३० वर्षांनी १८ टक्के होता. नंतरच्या अभ्यासांत तो बराच कमी आढळला, त्यामुळे १८चा आकडा दाखवून कुणाला घाबरवणेही तितकेच गैर आहे. आजार गुदाशयापुरताच असेल तर धोका फारसा वाढत नाही.

रक्त आणि आव थांबली तरी अस्तराचा दाह धुमसत राहू शकतो. तो मलातील कॅल्प्रोटेक्टिन या दाह दाखवणाऱ्या प्रथिनाच्या चाचणीत किंवा बायोप्सीत, म्हणजे अस्तराचा तुकडा काढून केलेल्या तपासणीत, दिसतो, रुग्णाला जाणवत नाही. गोळ्या त्या दाहासाठी असतात, म्हणून त्या आपल्या मनाने बंद करू नयेत.

दुर्बिणीबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. इथला कर्करोगपूर्व बदल पुष्कळदा मोडासारखा वर येत नाही, सपाट पसरतो आणि सहज नजरेतून सुटतो. म्हणून अस्तरावर निळा रंग फवारतात, तेव्हा एरवी एकसारख्या दिसणाऱ्या बारीक नक्षीत बिघडलेला तुकडा उठून दिसतो आणि नेमका तिथलाच नमुना घेता येतो. ही पाहणी साधारण ८ वर्षांनी सुरू करून पुढे धोक्यानुसार १ ते ५ वर्षांच्या अंतराने करतात. पित्तनलिकांचा पीएससी हा आजार सोबत असेल, तर त्याच्या निदानापासूनच दरवर्षी. ही ८ वर्षे निदानापासून नव्हे, पहिल्या लक्षणापासून मोजायची असतात, त्यामुळे रक्त पडते आहे म्हणून मूळव्याधीचे उपचार घेण्यात गेलेली वर्षेही त्यात धरावी लागतात.