चिवट सामान

माझ्या ट्रेकच्या सामानात सगळ्यात तरुण मीच. बूट तेवढे सोडायचे, कारण हल्लीच्या बुटांचा तळ दुसऱ्या पावसाळ्यात तोंड उघडतो. बाकी कॅनव्हासची पाठपिशवी, पितळी स्टोव्ह, कंदील, पाच सेलची बॅटरी, सुरा, पाण्याची छागल, घोंगडी, तंबू हे सगळं माझ्या जन्माआधीचं. लक्षणं बघता माझ्या तेराव्यालाही सगळे जातीने हजर राहतील.

हे सामान अण्णांचं, म्हणजे माझ्या आजोबांचं. अण्णांना शिकारीचा नाद होता. कोयनेच्या रानात ते हाका उठवत, रात्र रात्र मचाणावर बसत. त्यांनी काय काय पाडलं याची यादी ते एक सांगत आणि आजी दुसरी. आजीच्या यादीत दोनदा चष्मा, एकदा जेवणाचा डबा आणि एकदा मचाणावरून खुद्द अण्णा होते. 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकार बंद झाली. ‘कायदा आला म्हणून थांबलो,’ असं अण्णा शेवटपर्यंत म्हणत. आजी म्हणे, ‘जनावरांना फरक कळलासुद्धा नसेल.’ बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली आणि बाकीचं सामान पोटमाळ्यावर गेलं. तिथून ते माझ्या पाठीवर आलं.

ते वापरण्यात मला आनंद आहे हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून लोक सहानुभूती दाखवायला लागतात.

पाठपिशवीचंच घ्या. जाड खाकी कॅनव्हास, कातडी पट्टे, पितळी बकलं. इतक्या वर्षांत तिची एक शिवण उसवलेली नाही. माझ्या उजव्या खांद्याबद्दल तसं म्हणता येणार नाही. पुतण्या आणि त्याचे कंपनीतले मित्र ट्रेकला निघाले की आठवडाभर आधी फोनवर सूचना येते: बॅगेचं वजन सहा किलोच्या वर नको. माझी पिशवी रिकामी असतानाच त्यातले अडीच किलो खाते. स्टोव्ह घातला की कोटा संपला. मग जेवण, पाणी आणि माणुसकी यातलं काय घरी ठेवायचं ते ठरवायला लागतं.

पण खरं दुखणं रॉकेलचं आहे. एके काळी रेशनवर निळं रॉकेल मिळायचं, त्यासाठी कॅन घेऊन रांगेत भांडायचे लोक. आता घरोघरी सिलिंडर आले आणि रॉकेल दिसेनासं झालं. पांढरं रॉकेल एखाद्या रंगाच्या नाहीतर हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, पण मागताना आपला चेहरा फार सज्जन लागतो. ‘एक लिटर रॉकेल’ म्हटलं की दुकानदार आधी माझ्याकडे बघतो, मग माझ्या मागे बायको वगैरे उभी आहे का ते बघतो. परवा गल्ल्यावर त्याचा मुलगा होता, विशीतला. म्हणाला, ‘रॉकेट दिवाळीत येतात, काका.’ त्याला रॉकेल म्हणजे काय ते समजावून सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘पण मग इंडक्शनला काय प्रॉब्लेम आहे?’

मिळालं तरी ते न्यायचं कसं? एस्टीत रॉकेल चालत नाही, रेल्वेत तर नाहीच नाही. म्हणून आम्ही पुतण्याच्या गाडीने जातो, आणि रॉकेल गळो न गळो, त्याचा वास गाडीत महिनाभर राहतो. पुतण्या काही बोलत नाही. फक्त खिडकी उघडी ठेवतो, ऐन जानेवारीत.

आता स्टोव्ह पेटवणं. ज्यांनी पंपाचा स्टोव्ह पेटवलेला नाही त्यांनी आयुष्यात संयम हा गुण फक्त ऐकलेला आहे. आधी नरसाळ्याने टाकीत रॉकेल घालायचं, पाऊण टाकी, काठोकाठ नाही. हवेची चावी सैल ठेवायची. काकडा स्पिरिटमध्ये बुडवून बर्नरच्या गळ्याला चिमट्यासारखा लावायचा आणि काडी ओढायची. स्पिरिट जळतं, बर्नर तापतो. तो पुरेसा तापला की चावी आवळून पंप मारायचा, म्हणजे टाकीतलं रॉकेल वर चढतं, तापल्या नळीत त्याची वाफ होते आणि निप्पलच्या भोकातून ती फर्रर्र करत निळी पेटते. बर्नर थंड असताना पंप मारला तर वाफेऐवजी कच्चं रॉकेल येतं आणि पिवळा भडका भुवयांपर्यंत जातो. उशीर केला तर बर्नर निवतो आणि पुन्हा काकड्यापासून सुरुवात. सगळं वेळेवर केलं तर भोकात काजळी अडकलेली असते. मग पिन मारायची. पिन म्हणजे पत्र्याच्या पट्टीला लावलेली केसाएवढी तार. ती त्या भोकात घालायची असते, आणि भोक मला चष्मा लावून दिसत नाही, चष्मा काढूनही दिसत नाही. मी अंदाजाने मारतो. पिना अण्णांच्या काडतुसांच्या पट्ट्यात ठेवलेल्या असतात. तिथेच वायसरं, सुईदोरा आणि डोकेदुखीच्या गोळ्या.

हे चालू असताना गप्प बसणं मला जमत नाही, म्हणून मी पोरांना स्टोव्हचा इतिहास सांगतो. 1892 साली स्टॉकहोममध्ये फ्रान्स लिंडक्विस्ट नावाच्या माणसाने धूर न करणारा असा स्टोव्ह काढला, त्याला प्रायमस नाव दिलं. 1911 साली आमुंडसेन दक्षिण ध्रुवावर पोचला तेव्हा त्याच्याबरोबर प्रायमस होता. 1953 साली हिलरी आणि तेनसिंग एव्हरेस्टवर गेले, त्या मोहिमेतही प्रायमस होते. मी स्टॉकहोमहून ध्रुवापर्यंत येतो तोवर पोरांनी डब्याएवढ्या गॅसच्या कॅनिस्टरवर चहा केलेला असतो. एव्हरेस्टला पोचेपर्यंत कप धुऊन झालेले असतात.

मी हार मानत नाही. त्यांना सांगतो, बाबांनो, तुमच्या डब्यात ब्युटेन आहे. शून्याच्या जवळपास थंडी पडली की ब्युटेनचा गॅस होईनासा होतो, तुमचा चहा डब्यातच बसेल. रॉकेलला असली नाटकं नाहीत. शास्त्र म्हणून हे शंभर टक्के खरं आहे. पुतण्याने शांतपणे फोन काढला आणि म्हणाला, ‘काका, इथे आत्ता एकोणीस आहे.’ सह्याद्रीने मला या बाबतीत कधी साथ दिली नाही. कळसूबाई झाली म्हणून काय, 1646 मीटर. तिथे ब्युटेन अडायचं म्हणजे माझ्यावर खास मेहेरबानी व्हायला हवी.

कंदील मात्र निर्विवाद. आमचा कंदील ‘प्रभाकर’, कराडजवळच्या ओगलेवाडीचा, म्हणजे एका अर्थी घरचाच. वारा कितीही असो, विझत नाही, कारण दोन्ही बाजूंच्या नळ्यांतून हवा वळून ज्योतीकडे येते, थेट झोत बसत नाही. त्याच्या उजेडात एकच गोष्ट स्पष्ट दिसते: कंदील. बाकी अंधार जिथल्या तिथे राहतो. पण पोरांचे ते कपाळावरचे दिवे! बोलताना ती आपल्या तोंडाकडे बघतात आणि आपण चौकशीला बोलावल्यासारखे डोळे मिटून उत्तरं देतो. रात्रभर मी कुणाशी बोललो ते मला सकाळी आवाजावरून लावावं लागतं.

तंबूबद्दल थोडक्यात. सुती कॅनव्हास पावसात भिजला की धागे फुगतात, विणीतली भोकं बुजतात आणि पाणी आत येत नाही. अट एकच, आतून कापडाला बोट लावायचं नाही. जिथे लावाल तिथून ठिबकायला सुरुवात. अण्णांच्या तंबूत तीन माणसं झोपतात आणि तिघांनीही रात्रभर कूस बदलायची नसते. ते जमतं. न जमणारा भाग घरी आल्यावर सुरू होतो, कारण ओला तंबू घडी करून ठेवला तर आठवड्यात बुरशी धरते. सोसायटीच्या गच्चीवर तो ताणून वाळत घातला, तर संध्याकाळपर्यंत चार बिऱ्हाडांनी बायकोला विचारलं, ‘कार्य कुणाकडे आहे?’ एकींनी तर आहेर काय चालेल तेही विचारून घेतलं. बायकोने मला आत बोलावलं आणि दार लावलं. त्यापुढचं इथे नको.

घोंगडी भिजली की आणखी दोन किलो वाढते आणि तिला चिंचोक्याच्या खळीचा नि मेंढराचा मिळून एक वास येतो. गावातली कुत्री त्या वासाने आपुलकीने मागे येतात. थंडी मात्र तिच्यातून आत येत नाही, आणि पोरांच्या चकचकीत स्लीपिंग बॅगेवर ठिणगी पडली की भोक, हिच्यावर पडली की ठिणगीच विझते. हे सगळं पुढे कुणाचं, हा प्रश्न आमच्या घरात निघतो अधूनमधून. मुलगी कॅनडात आहे. तिने परस्पर कळवून टाकलंय की विमानात स्टोव्ह चालत नाही. म्हणून वारस पुतण्या. ‘हे सगळं तुझंच आहे रे,’ असं मी म्हटलं की तो ‘घाई नाही, काका’ म्हणतो. फार सुसंस्कृत पोरगा.

या डिसेंबरात आम्ही एका अभयारण्यातल्या किल्ल्यावर गेलो. वनखात्याच्या नाक्यावर प्लास्टिक मोजतात. बाटल्या, वेफर्सची पाकिटं, बिस्किटांचे पुडे, सगळ्याचा आकडा वहीत, त्यावर अनामत रक्कम, आणि परत येताना तेवढं प्लास्टिक दाखवलं तरच पैसे परत. पोरांच्या बॅगा उपसता उपसता वनरक्षक दमला. माझा नंबर आला तेव्हा मी छाती काढून पुढे झालो, कारण माझ्या पिशवीत प्लास्टिकचा कपटा नव्हता.

त्याने एकेक वस्तू टेबलावर मांडली. खाकी पिशवी. सुरा. पाच सेलची बॅटरी. काडतुसांचा पट्टा. रॉकेलचा वास. त्याने पट्टा उचलून पाहिला, बॅटरी पेटवून समोरच्या झाडीत मारली आणि अगदी हळू आवाजात विचारलं,

‘काका, बंदूक कुठाय?’

‘ठाण्यात जमा केलीय,’ मी म्हणालो. खोटं काय त्यात? पण याने परिस्थिती सुधारली नाही. पुतण्या माझ्यापासून सरकत सरकत माहितीच्या फलकापाशी गेला आणि तिथल्या शेकरूचं चित्र मन लावून बघायला लागला.

मग अण्णा, मचाण, चष्मा, डबा, आजी, सगळं सांगावं लागलं. आजीच्या यादीपर्यंत आलो तेव्हा वनरक्षक हसला. पण नियम तो नियम, जंगलात आग नाही, हत्यार नाही. स्टोव्ह, कंदील, सुरा, पट्टा, बॅटरी सगळं चौकीत राहिलं. प्लास्टिकच्या रकान्यात त्याने माझ्या नावापुढे ‘निरंक’ लिहिलं. पाठीवर घोंगडी आणि हातात छागल एवढंच घेऊन मी चढलो. शपथेवर सांगतो, तो डोंगर निम्मा झाला होता. पोरं मागे राहिली आणि मी पुढच्या वळणावर उभा राहून ‘दमलात का रे?’ विचारत होतो. हे वाक्य माझ्या तोंडी पहिल्यांदाच आलं असेल.

उतरलो तर चौकीमागच्या त्याच्या स्वैपाकाच्या पडवीतून फर्रर्र आवाज येत होता. वनरक्षक उकिडवा बसला होता, समोर अण्णांचा स्टोव्ह, निळा जाळ, वर पातेलं. ‘रॉकेल टाकीत होतंच,’ तो ओशाळून म्हणाला. ‘आमच्या आईकडे असलाच होता. म्हटलं, बघू हात विसरला का.’

‘किती पिना लागल्या?’

‘पिन कशाला? एका काडीत पेटला. वायसर सुकलंय पण, साहेब. थोडं गोडंतेल सोडत जा.’

त्याने सगळ्यांना चहा दिला. पोरांनी दोन दोन कप घेतले, चुलीच्या चहाची चव वेगळीच वगैरे म्हणाले. मी सांगितलं, ही चूल नाही. कुणी ऐकलं नाही. वनरक्षकाने चावी सोडली, आवाज बसला, आणि तो फडक्याने टाकी पुसत, तिच्यावरून हात फिरवत म्हणाला, ‘साहेब, राग मानू नका, पण हा विकणार का?’

मी तोंड उघडायच्या आत मागून पुतण्याचा आवाज आला, ‘किती द्याल?’