बाराची बारनिशी

दर रविवारी सकाळी साडेसातला टेक्सासहून जावईबापूंचा व्हिडिओ कॉल येतो. तिकडं शनिवारची रात्र. लेक दोन मिनिटं बोलून नातवाला झोपवायला जाते आणि उरलेला पाऊण तास मी जावयाची वही बघतो.

जावयाला रायफलचा नाद. उडवलेल्या काडतुसांच्या पितळी केसा, म्हणजे रिकामी टरफलं, पुन्हा भरायच्या, हे तिकडं लोक घरीच करतात. भरायला वेळ कमी, लिहायलाच जास्त. दारू कोणत्या कंपनीची, कोणत्या लॉटची, किती ग्रेन, दारू पेटवणारा प्रायमर कोणता, गोळी किती वजनाची, केस आजवर कितीदा उडाली, काडतुसाची लांबी इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत, वर त्या दिवशी ऊन किती होतं तेही. सोयरीक जुळवताना आम्ही ह्याची एवढी चौकशी केली नव्हती.

मागं एकदा पन्नास काडतुसांच्या डबीवरची चिठ्ठी हरवली. आत दारू कोणती न् किती, हे वरून बघून कळत नाही. जास्त निघाली तर रायफलीबरोबर तोंडही जायचं. गड्यानं हातोडीसारख्या अवजारात एकेक काडतूस घालून, आपटून आपटून पन्नासच्या पन्नास मोकळी केली.

"ग्रेन म्हंजे लई बारीक असतंय, मामा."

"तोळ्यात १८० बसतात," मी म्हणालो. सोनाराच्या ओट्यावर घातलेलं आयुष्य कधीतरी कामाला येतं. त्याची १६८ ग्रेनची गोळी तोळ्याला जराशी कमीच. हे ऐकल्यावर त्याला माझ्यात आशा दिसली, आणि तिथंच घोटाळा झाला.

आमच्याकडं आजोबांपासूनची ठासणीची बंदूक आहे, पीकसंरक्षणाच्या लायसनवर. नळीच्या तोंडातून दारू घालून गजानं ठासायची, मागं ठिणगी पाडणारी टोपी बसवायची. हरभऱ्यात रानडुकरं शिरली की नुसत्या दारूचा बार काढायचा, एवढंच तिचं काम.

"तिचं रेकॉर्ड कुठाय, मामा?"

जावयाला नाही म्हणता येत नाही. माळ्यावरून आजोबांची वही काढली. पहिल्याच पानावर : सन १३५२, बार तीन, एक फुसका.

१३५२! महंमद तुघलक जाऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. दीड दिवसानं, चष्मा पुसल्यावर, आकड्यापुढचा बारीक 'फ' दिसला. फसली सन, निजामाच्या राज्यातला हिशेब. ५९० मिळवले की १९४२. पण तोवर मी पारावर सांगून बसलो होतो की आमची बंदूक दौलताबादच्या किल्ल्यातून आलेली आहे.

मग नवी वही घातली. शेतात, मध्यरात्री, तोंडात बॅटरी धरून लिहायचं. थंडीत पेन उठत नाही, डुकरं मात्र उठतात. पहिली नोंद : 'रात्री सव्वादोन. दारू एक माप. टोपी नवी. फुसका.' खरं म्हणजे दारूला ओल लागली होती, पण ते लिहायच्या आत डुकरांनी अर्धा वाफा उकरला.

सकाळी ही नोंद बायकोनं वाचली.

"ह्या वयात? अन् तेबी रात्री सव्वादोनला?"

समजावून सांगेपर्यंत वही जप्त झाली. परत मिळाली तेव्हा तिच्यात दुधाचा हिशेब सुरू झालेला. वही चांगली जाड होती, वाया कशाला घालवायची, असं तिचं म्हणणं. मग आम्ही दोघंही तिच्यातच लिहू लागलो. तिचं मापही दीड, माझंही दीड.

पुढं निवडणूक लागली. आचारसंहितेत बंदुका ठाण्यात जमा करायच्या असतात. जमादारांनी ती हातात घेतली आणि विचारलं, "काका, रिकामी आहे न्हवं?"

मी ऐटीत वही उघडली. 'सोमवार : दीड. मंगळवार : नाही. बुधवार : दीड.' मंगळवारी बार निघाला नाही, की दूधवाला आला नाही? न निघालेल्या बारावर बुधवारी दुसरा ठासला की काय? मी नळीत गज सोडला. एरवी तो तोंडापर्यंत जातो. आज चार बोटं वरच राहिला.

जमादारांनी बंदूक हळूच, तोंड भिंतीकडं करून, टेबलावर ठेवली आणि ते बाहेर लिंबाच्या झाडाआड गेले.

"भरली कधी? तारीख सांगा!" तिकडून आवाज आला.

मी पान उलटलं, पुन्हा पालटलं.

"तारीख नाही, साहेब. पण त्या दिवशी दुधाचा खाडा होता."