सेकंडहँड घेताय? मग फक्त आकडा सांभाळा

शोरूममधून नवीकोरी गाडी आणली तर नाशकात कोणी फारसं विचारत नाही, पेढे खातात आणि घरी जातात, कारण किंमत सगळ्यांना माहिती असते, त्यात तुमची हुशारी ती काय. पण जुनी गाडी दारात लागू द्या. समोरचे काका गेटवर दोन्ही हात टेकवून विचारणारच, कितीला पडली? सेकंडहँड वस्तू घ्यायची ती ह्या एका प्रश्नासाठी. वस्तू चालली तर चालली, आकडा असा पाहिजे की काकांनी 'काय सांगता!' म्हटलं पाहिजे. बाकी सगळा सल्ला ह्याच्याच पोटात आहे, तरी सविस्तर सांगतो.

पहिलं म्हणजे गाडी बघायला गेल्यावर गाडी बघायची नाही, माणूस बघायचा. कॉलेज रोडला बंगला आहे का, दारात तुळस आहे का, काकूंनी चहा विचारला का. चहा आला की इंजिन चांगलं असतं. त्यात 'डॉक्टरांची गाडी आहे, घर ते दवाखाना एवढीच चालायची' हे वाक्य आलं की खिशातून टोकन काढायचं. एमएच-15, म्हणजे आपल्या नाशिक पासिंगच्या विकायला निघालेल्या गाड्यांत डॉक्टरांच्या आणि लेडीज टीचरच्या गाड्या एवढ्या असतात की बाकीची जनता सिटी बसनेच फिरत असणार. क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालंय आणि मीटर बावीस हजार किलोमीटर दाखवतंय, तर मीटरवर विश्वास ठेवा, रबर काय कशानेही झिजतं. टायरच्या बाजूला चार आकडे छापलेले असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन साल, म्हणजे 2321 असेल तर 2021 सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. ते मुळीच वाचू नका. वाचलं तर 2017 ची गाडी, बावीस हजार चाललेली, तिला चार टायर बदलायची वेळ का आली असं विचारावं लागेल आणि मग काकूंचा चेहरा पडेल. गंगाघाटावर बुधवारच्या बाजारात आपण मेथीची जुडी उलटीपालटी करून, आत गवत आहे का बघून, वर पाच रुपये कमी करून घेतो, पण दीड लाखाच्या गाडीची डिकी उघडून बघायला आपल्याला संकोच वाटतो, हे संस्कार आहेत.

पुरातल्या गाडीचा विषय आपल्याकडे खास आहे. 2016 आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये गोदावरी चढली तेव्हा आपण सगळे नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आलंय ते बघायला आणि फोटो काढायला गेलो होतो. गाडीला मारुती नसतो, पण मोजायची सोय असते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला की आतल्या भागावर गाळाची रेष दिसते, मॅटच्या खाली हात घातला की बारीक वाळू लागते, सीटच्या रुळांना गंज असतो, हेडलाईटच्या काचेत आतून ओल धरलेली असते. तुम्ही ह्यातलं काही करू नका. गाडीत चंदनाचा परफ्यूम घमघमत असेल तर मालक भाविक आहे असं समजा आणि पुढे चला.

आता कागदपत्रं. इथे तर संपूर्ण बेफिकिरी पाहिजे. टीटी फॉर्मवर, म्हणजे गाडी नावावर करायचे ते 29 आणि 30 नंबरचे फॉर्म, मालकाची सही घ्यायची आणि ते डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवून द्यायचे, पेठ रोडला आरटीओत जायची घाई काय आहे, गाडी तर आपल्याच दारात उभी आहे ना. बँकेचा बोजा उतरलाय का, जुनी ई-चलानं किती बाकी आहेत, हे मोबाईलवर पाच मिनिटांत कळतं, म्हणूनच बघायचं नाही, एवढ्या सहज मिळणाऱ्या माहितीला काय किंमत. इन्शुरन्स आपल्या नावावर करून घ्यायला कायद्याने 14 दिवस दिलेत, तेवढे दिवस लोकांना आकडा सांगण्यात जातात. विकणाऱ्यानेही निवांत झोपावं. सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये सांगितलंय की गाडी कितीही हात फिरली तरी आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव आहे, अपघाताच्या भरपाईला तोच मालक धरला जाणार. म्हणजे पैसे मोजून घेतल्यावरही गाडीशी नातं तुटत नाही, मुलगी सासरी गेली तरी माहेर राहतंच की.

घरबसल्या ॲपवरून घेणार असाल तर फौजी साहेबांचीच जाहिरात निवडा. नाशिककरांना देवळाली कॅम्प आणि आर्टिलरी सेंटर लहानपणापासून माहिती, त्यामुळे 'मी देवळालीला पोस्टिंगला आहे, अचानक ट्रान्सफर झाली, बुलेट निम्म्या किमतीत द्यायची आहे' हे आपल्याला लगेच पटतं. युनिफॉर्ममधला फोटो येतो, कँटीनचं कार्ड येतं, बोलणं तर इतकं अदबीचं की आपणच जयहिंद म्हणून फोन ठेवतो. गाडी मात्र भेटून दाखवता येत नाही, कँपात बाहेरच्याला परवानगी नाही ना, आधी ट्रान्सपोर्टचे पैसे पाठवा, मग जीएसटीचे, मग रिफंड होणारं डिपॉझिट. आणि तुम्ही विकणारे असलात तर ते क्यूआर कोड पाठवून म्हणतात, स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागतच नाही, पिन लागतो तो द्यायला, हे शेंबड्या पोराला माहिती आहे, पण शेंबडं पोर त्या वेळी क्लासला गेलेलं असतं.

मोबाईलचं थोडक्यात सांगतो. बिल मागू नका, मागितलं तर मिळणार नाही आणि उगाच मनात शंका येईल. स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबलं की आयएमईआय, म्हणजे हँडसेटचा ओळख नंबर दिसतो, तो सरकारच्या संचार साथी पोर्टलवर टाकला की हँडसेट चोरीचा म्हणून ब्लॉक आहे का ते कळतं, आणि चोरीचा आहे हे माहीत असून घेतला तर न्याय संहितेचं कलम 317 आहे. तेव्हा माहीत करून न घेणं बरं, नाही का? पोलीसही हा युक्तिवाद मन लावून ऐकून घेतात, म्हणजे बसवून ठेवतात आणि ऐकतात.

फ्रिज आणि एसी घेताना चांदण्या मोजा, त्यांच्या खाली छापलेलं साल वाचू नका. स्टारचे निकष दर काही वर्षांनी कडक होतात, त्यामुळे 2012 चा फाईव्ह स्टार आजच्या मापाने कुठे बसेल ते महावितरणचं बिल दर महिन्याला कळवतंच. जुन्या एसीत आर-22 गॅस असेल तर तो आपल्या देशात 2030 पर्यंत बंद करायचं ठरलंय, म्हणजे तुमच्या हॉलमध्ये लवकरच दुर्मिळ वस्तू असणार आहे. सागवानी म्हणून घेतलेल्या कॉटच्या सांध्यातले ढेकूण मात्र फ्री, त्यांचा आकडा वेगळा सांगायचा नाही.

काही लोक तुम्हाला भलत्याच गोष्टी घ्यायला सांगतील, त्यांचं ऐकू नका. जुना अस्सल सागवानी पाट, पितळेचं घंगाळ, तांब्याचा बंब, लोखंडी शिलाई मशीन, पोरांची सायकल, इंजिनिअरिंगची पुस्तकं, डंबेल्स. ह्या वस्तूंना मीटर नसतं, पासिंग नसतं, गॅस भरावा लागत नाही. बंबाला छिद्र असेल तर पाणी भरून दोन मिनिटांत दिसतं, नको झाला तर भांडीबाजारात मोडीच्या भावाने तरी पैसे येतात, सहा महिने वापरलेल्या डंबेलचं वजन कमी होत नाही, पुस्तक तर पुढच्या वर्षी ज्युनियरला तेवढ्यालाच जातं. पण ह्यात मजा काय? वस्तू आणली, वापरली, संपलं. मेकॅनिकशी ओळख होत नाही, अंबडच्या स्पेअरवाल्याकडे खातं उघडत नाही, बायकोला 'ह्यावेळी शेवटचा खर्च' म्हणायची संधी मिळत नाही.

आणि हो, गाडी घेतल्यावर केलेला खर्च आकड्यात धरायचा नाही, हे विसरू नका. क्लचप्लेट, बॅटरी, टायर, सस्पेन्शन, एसीचा कॉम्प्रेसर हा मेंटेनन्स, तो नव्या गाडीलाही येतो असं म्हणायचं, थोडं लांब बघत म्हणायचं. एवढं करून वर्षभरात कंटाळा आलाच तर गाडी धुवा, चंदनाचा परफ्यूम मारा, फोटो सकाळच्या उन्हात सोमेश्वरच्या बाजूला झाडाखाली काढा, ठोकलेली बाजू सावलीत येऊ द्या, आणि जाहिरातीत लिहा, घरगुती वापर, सिंगल हँड, एक रुपयाचं काम नाही. फोन आला की किंमत सांगू नका. म्हणा, तुम्ही या तर खरं, चहा घेऊ, मग बसून बोलू.