लिंकन-केनेडी यादी: खरे किती, जुळवलेले किती

सांगलीत आमच्या भागातल्या एका शाळेच्या दर्शनी फळ्यावर रोज दिनविशेष लिहिला जातो. गेल्या २२ नोव्हेंबरला त्या फळ्यावर पिवळ्या खडूने दोन रकाने आखून अब्राहम लिंकन आणि जॉन केनेडी या अमेरिकेच्या दोन राष्ट्राध्यक्षांच्या हत्यांमधील साम्ये मांडली होती, ‘१०० वर्षे’ या शब्दांखाली दुहेरी रेघ ओढली होती आणि तळाशी ‘योगायोग की कट?’ असा प्रश्न होता. मधल्या सुट्टीत मुले ती यादी वहीत उतरवून घेत होती. ही यादी १९६४ पासून अमेरिकेत छापली जात आहे आणि आता व्हॉट्सअॅपवर मराठीतही फिरते. इतकी साम्ये आपोआप जुळत नाहीत, त्यामागे एकच अदृश्य हात असला पाहिजे, असा तिचा दावा असतो. फळ्यावर लिहिलेले मुले खरे मानतात, म्हणून या दाव्याला मुद्देसूद उत्तर द्यायला हवे.

आधी जे सरळ खोटे आहे ते बाजूला काढू. ‘लिंकन यांच्या सचिवाचे नाव केनेडी होते आणि त्याने नाटकाला जाऊ नका असे बजावले होते’ असे यादी सांगते. लिंकन यांचे सचिव जॉन निकोले आणि जॉन हेय हे होते. केनेडी यांच्या सचिव एव्हलिन लिंकन होत्या हे खरे आहे, पण त्या अर्ध्या सत्याला जोडी मिळावी म्हणून दुसरा अर्धा भाग रचलेला आहे. मारेकऱ्यांचे जन्म १८३९ आणि १९३९ चे, हेही चूक, कारण लिंकन यांचा मारेकरी जॉन विल्क्स बूथ याचा जन्म १८३८ चा आहे. मृत्यूच्या आठवडाभर आधी केनेडी मेरिलिन मन्रो हिच्या सहवासात होते, ही ओळ तर लिहायलाही नको होती, कारण ती अभिनेत्री ऑगस्ट १९६२ मध्येच, म्हणजे २२ नोव्हेंबर १९६३ च्या हत्येच्या सव्वा वर्ष आधी वारली होती.

‘बूथ नाट्यगृहातून वखारीकडे पळाला, ओस्वाल्ड वखारीतून नाट्यगृहाकडे’ ही ओळ लोकांना सर्वांत जास्त भुरळ घालते. केनेडी यांचा मारेकरी ली हार्वे ओस्वाल्ड याने गोळ्या झाडल्या त्या शालेय पुस्तकांच्या गोदामातून, आणि तो पकडला गेला एका चित्रपटगृहात. बूथला मात्र बारा दिवसांच्या पाठलागानंतर व्हर्जिनियातल्या एका शेतकऱ्याच्या शेतावर, तंबाखू वाळवण्याच्या लाकडी कोठारात घेरले गेले आणि तिथेच गोळी लागून तो मेला. हळदीच्या बाजारपेठेत वाढलेल्या, हरिपूरची पेवे पाहिलेल्या सांगलीकराला शेतावरचे कोठार, जमिनीतले पेव आणि व्यापाऱ्याची वखार यांतला फरक सांगावा लागत नाही. यादीत तो फरक पुसला, आणि नाटकाचे थिएटर व सिनेमाचे थिएटर एकच धरले, की मगच हे वाक्य तयार होते.

आता खऱ्या गोष्टी. लिंकन १८४६ मध्ये प्रतिनिधिगृहावर निवडून आले, केनेडी १९४६ मध्ये. राष्ट्राध्यक्षपदासाठी एक १८६० मध्ये, दुसरे १९६० मध्ये. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाची निवडणूक दर चार वर्षांनी आणि प्रतिनिधिगृहाची दर दोन वर्षांनी ठरल्या वर्षीच होते, त्यामुळे विषम वर्षे मुळातच बाद होतात आणि शंभराचे अंतर पडणे वाटते तितके दुर्मीळ राहत नाही. शिवाय त्याच दोन आयुष्यांतली जी वर्षे जुळत नाहीत ती यादीत घेतलेलीच नाहीत. दोघांच्या जन्मांत १०८ वर्षांचे अंतर आहे (१८०९ आणि १९१७) आणि मृत्यूंत ९८ वर्षांचे (१८६५ आणि १९६३). ज्या हत्यांवरून ही यादी निघाली त्या हत्याच शंभर वर्षांच्या अंतराने घडलेल्या नाहीत. दोघांचीही हत्या शुक्रवारी झाली हे खरे, पण आठवड्याला वार सातच असतात. महात्मा गांधींची हत्या झाली तो ३० जानेवारी १९४८ हा दिवसही शुक्रवारच होता.

‘दोघांनंतर जॉन्सन आले, दोघेही दक्षिणेचे.’ जॉन्सन हे अमेरिकेतल्या सर्वांत प्रचलित आडनावांपैकी एक आहे. आपल्याकडे एका पाटलानंतर दुसरे पाटील सरपंच झाले तर कोणी दचकत नाही. दोघे दक्षिणेचे असण्याला तर उघड राजकीय कारण आहे. उत्तरेच्या उमेदवाराला दक्षिणेचा सोबती देऊन मते जोडायची, या हिशेबानेच लिंकन यांच्याबरोबर १८६४ मध्ये टेनेसीचे अँड्र्यू जॉन्सन आणि केनेडी यांच्याबरोबर टेक्सासचे लिंडन जॉन्सन घेतले गेले. लिंकन यांचे पहिले उपराष्ट्राध्यक्ष हॅनिबल हॅम्लिन होते, हे यादी गाळते.

‘लिंकन फोर्डच्या नाट्यगृहात, केनेडी फोर्ड कंपनीच्या लिंकन मोटारीत.’ हेही खरे आहे, पण त्या गाडीला ते नाव कसे मिळाले ते पाहावे. हेन्री लेलँड यांनी १९१७ मध्ये ही मोटार कंपनी काढली तेव्हा, आपण आयुष्यातले पहिले मत १८६४ मध्ये लिंकन यांना दिले या आठवणीने तिला त्यांचे नाव दिले, आणि १९२२ मध्ये ती कंपनी फोर्डने विकत घेतली. नाट्यगृहाचे मालक वेगळेच फोर्ड होते.

नावांतल्या अक्षरांच्या मोजणीत तर लबाडी सरळ दिसते. राष्ट्राध्यक्षांची फक्त आडनावे घेतली, कारण इंग्रजीत ती सात-सात अक्षरांची आहेत आणि अब्राहम व जॉन ही नावे सात आणि चार अक्षरांची. जॉन्सनांची नाव-आडनाव मिळून तेरा घेतली. मारेकऱ्यांची तिन्ही नावे मिळून पंधरा घेतली. प्रत्येक जोडीला वेगळे माप लावले आहे. जॉन्सनांचे जुळलेले तेरा तर देवनागरीत लिहिताच बिघडते.

अशी यादी कोणाचीही होते. यशवंतराव चव्हाण आणि केनेडी यांची घ्या. दोघेही १९४६ मध्ये प्रथम निवडून आले, यशवंतराव सातारा भागातून मुंबई विधिमंडळावर आणि केनेडी प्रतिनिधिगृहावर. १९६० मध्ये यशवंतराव महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री झाले आणि त्याच वर्षी केनेडी राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. केनेडी यांचा दफनविधी २५ नोव्हेंबर १९६३ रोजी झाला, यशवंतरावांचे निधन २५ नोव्हेंबर १९८४ रोजी. मला हे सुचायला एक दुपार पुरली. यशवंतराव १९५६ पासूनच द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते, एवढे मात्र मला लिहायचे टाळावे लागले असते. देवराष्ट्रे गावच्या या मुलाचा आणि बॉस्टनजवळच्या श्रीमंत घरातल्या त्या मुलाचा एकमेकांशी काय संबंध होता, हे या यादीवरून कोणालाही सांगता येणार नाही.

माझा खरा आक्षेप पुढेच आहे. लिंकन यांच्या हत्येमागे कट होता आणि तो न्यायासनासमोर सिद्ध झालेला आहे. त्याच रात्री परराष्ट्रमंत्री विल्यम सिवर्ड यांच्या घरात शिरून लुईस पॉवेलने त्यांच्यावर सुरीने वार केले, अँड्र्यू जॉन्सन यांना मारण्याचे काम ज्याच्यावर सोपवले होते त्या जॉर्ज अॅट्झरोटचे अवसान गळाले, मेरी सरॅट यांच्या खाणावळीत कोण येत-जात होते याच्या साक्षी झाल्या, आणि आठ आरोपींपैकी चौघांना ७ जुलै १८६५ रोजी फाशी झाली. केनेडी यांच्या बाबतीत चौकशीसाठी नेमलेल्या वॉरन आयोगाने १९६४ मध्ये ओस्वाल्ड एकटाच होता असा निष्कर्ष काढला. १९७९ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या समितीने पोलिसांच्या रेडिओवरील आवाजांच्या आधारे कटाची शक्यता मांडली, पण १९८२ मध्ये शास्त्रज्ञांच्या समितीने तपासले तेव्हा ते आवाज गोळीबारानंतर सुमारे मिनिटभराने नोंदले गेल्याचे आढळले. एका हत्येत अनेकांचा सिद्ध झालेला कट आणि दुसरीत पुराव्यांती हाती आलेला एकच मारेकरी, हा या दोन घटनांमधला सर्वांत मोठा फरक आहे, आणि साम्ये मोजणाऱ्या यादीत त्याला एका ओळीचीही जागा नाही.

कट सिद्ध होतो तो कोण कोणाला कधी भेटले, शस्त्र कोणी आणले, साक्षीदार काय सांगतो यांवरून. गांधीहत्येच्या खटल्यातही २० जानेवारीचा बाँबस्फोट आणि माफीच्या साक्षीदाराची जबानी लाल किल्ल्यातल्या न्यायालयात तपासली गेली. परंतु ते न्यायालय बसण्याच्या कितीतरी आधी, हत्येनंतरच्या त्या दिवसांत, सातारा, सांगली आणि कोल्हापूर या भागांत ब्राह्मणांची घरे जाळली गेली. त्या घरांतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचा, बायकामुलांचा दिल्लीतल्या कटाशी काडीचाही संबंध नव्हता. मारेकऱ्याशी त्यांची जुळत होती ती फक्त जात, आणि ती ओळखली गेली आडनावावरून.